तिरप्या रेषेला लंब: ऑटोकॅडमध्ये काटकोन नेमका कसा काढायचा

ऑटोकॅड हे संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकायला बसलं की पहिल्या तासातच एफ८ ही कळ दाखवतात. ऑर्थो चालू झालं की रेषा आडवी जाते नाहीतर उभी, मध्येच कुठे वळत नाही. खोल्या, खिडक्या, टेबलं धडाधड निघायला लागतात आणि नवख्याचा समज होतो की काटकोन हवा असेल तर एफ८ दाबायचं, विषय संपला.

पहिला खरा प्लॉट समोर येईपर्यंत हा समज टिकतो. मोजणी नकाशातला रस्ता स्क्रीनच्या कडेला समांतर असायला बांधील नसतो. तो पंधरा-वीस अंशांत तिरपा असतो, शेजारची हद्द आणखी कुठल्या तरी कोनात. अशा ठिकाणी एफ८ दाबून काढलेली उभी रेषा स्क्रीनच्या अक्षाला लंब असते, रस्त्याला नाही. दिसायला फार वावगं दिसत नाही, म्हणूनच ते जास्त घातक.

लंब हा दोन रेषांमधला संबंध आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी प्रश्न एकच: कशाला लंब? पुढचे सगळे मार्ग म्हणजे या प्रश्नाचं उत्तर ऑटोकॅडला सांगण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. कुठला कधी वापरायचा हे समजलं की कमांड पाठ करायची फारशी गरज उरत नाही.

एक खुलासा आधीच करतो. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. ‘एल’ म्हणजे कीबोर्डवरची ती एक कळ, ‘एक्सएल’ म्हणजे दोन.

सरावासाठी एक प्लॉट

नुसतं वाचून हे हातात बसत नाही, म्हणून एक छोटा प्लॉट काढू. रस्त्याकडची हद्द १२ मीटर, आडव्याशी १७ अंशांत तिरपी. प्लॉटची खोली ९ मीटर. सगळी मापं मिलिमीटरमध्ये.

नवी फाइल उघडा. ‘यूएन’ टाइप करून एन्टर द्या म्हणजे युनिट्सची खिडकी उघडेल. तिथे कोनाची अचूकता शून्यावर असते. ती दोन दशांशांवर आणा. हे का, ते पुढे येईलच.

आता एल, एन्टर. पहिला बिंदू ०,० द्या. दुसरा @१२०००<१७ असा. @ म्हणजे आधीच्या बिंदूपासून आणि < नंतरचा आकडा म्हणजे कोन. हा कोन उजवीकडच्या आडव्या दिशेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो. एन्टर दाबून कमांड संपवा. ही आपली रस्त्याकडची हद्द.

प्लॉटमध्ये एक बोअरवेल आहे असं धरू. सी, एन्टर, केंद्र ४०००,६०००, त्रिज्या १००.

बाहेरच्या बिंदूतून रेषेवर लंब टाकणे

बोअरवेलपासून हद्दीचं अंतर किती? अंतर म्हणजे सर्वांत कमी अंतर, आणि ते लंबावरच मिळतं. शाळेच्या भूमितीत लंबपाद शोधायला कंपास घेऊन दोन कंस मारायचो. इथे तीन अक्षरांत काम होतं.

१. एल, एन्टर.

२. ‘सीईएन’ टाइप करून एन्टर. कर्सर बोअरवेलच्या वर्तुळाच्या कडेवर न्या, केंद्राची खूण दिसली की क्लिक करा.

३. ‘पीईआर’ (पर्पेंडिक्युलर, म्हणजे लंब) टाइप करून एन्टर. कर्सर हद्दीच्या रेषेवर न्या. कुठेही न्या, लंबपाद जिथे असेल असं वाटतं तिथेच न्यायला हवं असं नाही. रेषेवर काटकोनाची छोटी खूण उमटेल.

४. क्लिक, मग एन्टर.

आता ती रेषा निवडून ‘एलआय’ ही रेषेची माहिती दाखवणारी कमांड द्या. लांबी ४५६८.३४ आली पाहिजे आणि कोन २८७ अंश, म्हणजे १७ वजा ९०, पूर्ण फेरीत मोजलेला. वेगळा आकडा आला तर तिसऱ्या पायरीत दुसराच एखादा स्नॅप (कर्सरला ठरावीक बिंदूवर चिकटवणारी सोय) घुसलाय.

हा घुसखोर बहुतेक वेळा ‘निअरेस्ट’ असतो. एफ३ ने कायमचे स्नॅप चालू करताना नवखे लोक यादीतल्या सगळ्या चौकोनांत खुणा करून मोकळे होतात. निअरेस्ट चालू असेल तर कर्सर रेषेवर जिथे असेल तिथेच चिकटतो आणि लंब हुकतो. ‘ओएस’ टाइप करून यादी उघडा. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन एवढे कायम ठेवा, निअरेस्ट काढून टाका. पर्पेंडिक्युलर कायम चालू ठेवावा का, यावर ऑफिसागणिक मतं वेगळी ऐकाल. माझं मत नको असं आहे. गर्दीच्या ड्रॉइंगमध्ये तो नको तिथे उगवतो. हवा तेव्हा तीन अक्षरं टाइप करायची. टाइप केलेला स्नॅप त्या एका क्लिकपुरता बाकी सगळ्यांना बाजूला सारतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर शिफ्ट धरून उजवं बटण दाबा, तीच यादी कर्सरपाशी उघडते.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. लंबपाद रेषेच्या टोकापलीकडे पडत असेल, तरी पीईआर रेषा वाढवली असती तर जिथे आला असता तिथे जाऊन थांबतो. त्यामुळे नवी रेषा हवेत लटकल्यासारखी दिसते. चूक काही झालेली नसते, गणित बरोबरच असतं. फक्त मूळ हद्द तिथपर्यंत पोचत नाही, एवढंच.

हेच उलट बाजूनेही करता येतं. एल दिल्यावर पहिल्याच बिंदूला पीईआर देऊन हद्दीवर क्लिक केलं, तर रेषा तिथे रुजत नाही, कर्सरबरोबर हद्दीवरून सरकत राहते. दुसरा बिंदू दिला की पहिला आपोआप योग्य जागी बसतो. याला डिफर्ड, म्हणजे लांबणीवर टाकलेला लंब म्हणतात. ‘मी मिडपॉइंटला क्लिक केलं होतं, रेषा भलतीकडूनच का निघाली?’ असा प्रश्न पडला तर उत्तर हे आहे. सुरुवातीची जागा तुम्ही ठरवत नसता, लंब ठरवतो.

रेषेवरच्याच ठरलेल्या बिंदूतून लंब उभा करणे

प्लॉटच्या डाव्या कोपऱ्यातून बाजूची हद्द काढायचीय, रस्त्याला काटकोनात, ९ मीटर. बिंदू ठरलेला आहे, रेषा ठरलेली आहे, दुसरं टोक कुठे आहे ते माहीत नाही. इथे पीईआर कामाचा नाही, आणि नेमके इथेच लोक अडकून डोळ्यांनी अंदाज घ्यायला लागतात.

माझा पहिला पर्याय यूसीएस, म्हणजे आपण स्वतः ठरवलेले अक्ष. जुन्या ड्रॉइंग बोर्डावरच्या ड्राफ्टिंग मशीनचं डोकं तिरप्या रेषेशी जुळवून घट्ट केलं की दोन्ही पट्ट्या त्या रेषेच्या हिशेबाने आडव्या-उभ्या व्हायच्या. यूसीएस तेच करतो, अक्षच फिरवतो.

१. ‘यूसीएस’ टाइप करून एन्टर.

२. हद्दीच्या डाव्या टोकावर, एंडपॉइंट स्नॅप घेऊन, क्लिक. हा नवा आरंभबिंदू.

३. उजव्या टोकावर क्लिक. ही नव्या एक्स अक्षाची दिशा. तिसऱ्या बिंदूबद्दल विचारेल, तिथे नुसतं एन्टर.

कर्सरचं अधिक चिन्ह आता तिरपं दिसेल. घाबरू नका, ड्रॉइंग जागेवरच आहे. आता एफ८ चालू करा. ऑर्थो या नव्या अक्षांप्रमाणे चालतो. एल, डावा कोपरा, कर्सर वर न्या, ९००० एन्टर. कर्सर उजवीकडे, १२००० एन्टर. मग हद्दीच्या उजव्या टोकाला क्लिक. चौकोन पूर्ण.

काम झालं की यूसीएस एन्टर आणि पुन्हा एकदा एन्टर, म्हणजे अक्ष मूळ जागी. ही शेवटची पायरी विसरून फाइल दुसऱ्याच्या हातात दिली, तर त्याची सकाळ खराब होते: त्याने टाइप केलेले सगळे कोऑर्डिनेट्स तिरपे पडतात आणि कारण सापडता सापडत नाही.

यूसीएसमध्ये ‘ओबी’ असा एक झटपट पर्यायही आहे. ओबी देऊन रेषेवर क्लिक केलं की अक्ष तिच्याशी जुळतात. पण त्यात दोन खोड्या आहेत. क्लिक ज्या टोकाच्या जवळ केलं ते टोक आरंभबिंदू होतं. उजव्या टोकाजवळ क्लिक केलंत तर एक्स डावीकडे आणि वाय खाली जातो. हद्द पॉलिलाइन (अनेक तुकड्यांची मिळून एकच सलग रेषा) असेल तर कुठल्याही बाजूवर क्लिक करा, अक्ष तिच्या पहिल्याच तुकड्याशी जुळतात. म्हणून नवख्यांना मी दोन टोकांचा मार्गच सांगतो. एक क्लिक जास्त, पण डोक्याला ताप नाही.

लंबाची लांबी माहीत नसेल, नुसती दिशा हवी असेल, उदाहरणार्थ गेटची मध्यरेषा, तर अमर्याद रेषा बरी पडते. एक्सएल एन्टर; ‘ए’ एन्टर; ‘आर’ एन्टर; हद्दीच्या रेषेवर क्लिक; कोन ९०; मग ‘एमआयडी’ देऊन हद्दीवर क्लिक. हद्दीच्या मध्यातून आरपार लंब रेषा मिळते, नको तेवढी ट्रिमने कापायची. यात अक्ष फिरवावे लागत नाहीत, त्यामुळे परत आणायची आठवणही ठेवावी लागत नाही.

तिसरा मार्ग आळशी माणसाचा: आहे तीच रेषा फिरवून घ्यायची. ‘आरओ’, रेषा निवडा, फिरण्याचा बिंदू द्या, ‘सी’ एन्टर म्हणजे मूळ रेषा राहून तिची नक्कल फिरेल, आणि कोन ९०. नकलेची लांबी मूळ रेषेएवढीच असते, ती नंतर हवी तशी करावी लागते.

आणि सरळ @९०००<१०७ का नाही लिहायचं? आपल्या सरावाच्या प्लॉटमध्ये चालेल, कारण १७ अंश आपणच टाइप केलेत. मोजणीतून आलेल्या हद्दीचा कोन मात्र असा गोल नसतो. त्याच्या दशांशानंतर रांग असते, एलआय त्यातले दोनच आकडे दाखवतो, आणि आपण त्यात नव्वद मिळवून टाइप करतो. कोन वाचून पुन्हा टाइप करण्यापेक्षा रेषेवर क्लिक करून ऑटोकॅडलाच तो घेऊ द्यावा.

घराची बाह्यरेषा सलग काढत असाल तर पोलर ट्रॅकिंगची एक सेटिंग कामाची आहे. एफ१० चालू करा (ऑर्थो आपोआप बंद होईल, दोन्ही एकदम चालत नाहीत), सेटिंगमध्ये वाढीचा कोन ९० आणि मोजणी ‘शेवटच्या तुकड्याच्या सापेक्ष’ अशी ठेवा. पहिली भिंत कुठल्याही कोनात काढली तरी पुढची तिला काटकोनात पकडली जाते.

सामासिक अंतर: लंब न काढता वापरायचा लंब

बांधकाम परवानगीच्या ड्रॉइंगमध्ये हद्दीपासून सोडायची जागा, म्हणजे सामासिक अंतर, ही हद्दीला लंब मोजतात. इथे नवखा माणूस एफ८ चालू ठेवून हद्दीची कॉपी ३००० ने वर सरकवतो. समांतर रेषा मिळते, आकडाही आपण ३००० च टाइप केलेला असतो, मग चुकलं कुठे? सरकवलं ते स्क्रीनच्या उभ्या दिशेत. १७ अंशांच्या हद्दीपासून खरं लंब अंतर उरतं २८६९ मिलिमीटर. १३१ मिलिमीटर कमी, आणि छाननीत अशा ड्रॉइंगची परत पाठवणी ठरलेली.

ऑफसेट ही कमांड अंतर नेहमी लंबच मोजते. ओ एन्टर, ३००० एन्टर, हद्दीवर क्लिक, प्लॉटच्या आतल्या बाजूला क्लिक. तपासायचं असेल तर ‘डीआय’ ही अंतर मोजायची कमांड द्या, पहिला बिंदू आतल्या रेषेचा मिडपॉइंट, दुसरा पीईआर देऊन हद्दीवर.

वळणाचा रस्ता असेल तर हद्द कंस असते. पीईआर कंसावर आणि वर्तुळावरही चालतो. मिळणारी रेषा वाढवली की वर्तुळाच्या केंद्रातून जाते. पूर्ण वर्तुळावर मात्र असे दोन बिंदू असतात, जवळचा आणि पलीकडचा. कर्सर ज्या बाजूला असेल तो मिळतो.

बंधन घालून ठेवणे

आतापर्यंतचे सगळे लंब काढण्याच्या क्षणापुरते. नंतर कुणी हद्द दोन अंश हलवली तर आधीचा लंब तसाच राहतो, त्याला काही कळत नाही. संबंध टिकवायचा असेल तर पॅरामेट्रिक टॅबमधलं पर्पेंडिक्युलर हे बंधन वापरायचं. ही सोय ऑटोकॅडमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून आली. कल्पना मात्र ऑटोकॅडहून कितीतरी जुनी. ऑटोकॅड आलं १९८२ मध्ये, आणि आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत केलेल्या ‘स्केचपॅड’मध्ये १९६३ सालीच रेषांवर अशी बंधनं घालता येत होती.

वापरताना निवडीचा क्रम पाळायचा. पहिली निवडलेली रेषा स्थिर राहते, दुसरी फिरते. म्हणून आधी हद्द, मग आपली रेषा. उलट केलंत तर सरकारी मोजणीतली हद्दच तुमच्या भिंतीप्रमाणे फिरेल.

लायसन्सचा खर्च झेपत नाही म्हणून फ्रीकॅडवर शिकणारेही बरेच आहेत. तिथल्या स्केचरमध्ये हीच पद्धत मुख्य आहे: आधी अंदाजाने रेषा काढायच्या, मग दोन्ही निवडून लंबाचं बंधन द्यायचं. सगळी मापं आणि बंधनं पुरी झाली की स्केच हिरवं होतं. लिब्रेकॅडमध्ये तर रेषेच्या मेनूतच ‘ऑर्थोगोनल’ नावाचं वेगळं साधन आहे, मूळ रेषा दाखवायची आणि लांबी द्यायची.

खरंच काटकोन आहे का?

सुरुवातीला युनिट्समध्ये कोनाचे दोन दशांश चालू केले, त्याचं कारण आता सांगतो. ती अचूकता शून्यावर असताना ८९.७ अंशांचा कोनही एलआयमध्ये ९० च दिसतो. कोनाचं डायमेन्शन दिलं तरी तेच, कारण डायमेन्शन स्टाइलमधली कोनाची अचूकताही मुळात शून्यच असते, आणि ती युनिट्सपासून वेगळी बदलावी लागते. त्यामुळे ड्रॉइंगवर ठसठशीत ९०° लिहिलेलं असतं आणि कोन ९० नसतो.

०.३ अंशाने काय बिघडतं? नऊ मीटरच्या बाजूचं टोक ४७ मिलिमीटर सरकतं. भिंतीच्या बाबतीत हा फरक लपत नाही, फरशी बसवताना कोपऱ्यात तिरप्या चिरा कापाव्या लागतात.

तपासायचा माझा आवडता मार्ग कोनाचा नाही, कर्णाचा आहे. आपल्या प्लॉटच्या बाजू १२ आणि ९ मीटर आहेत, म्हणजे ३-४-५ ची तिप्पट. डीआय देऊन समोरासमोरचे कोपरे मोजा: १५००० आलं पाहिजे, दोन्ही कर्णांना. कोन ८९.७ असता तर एक कर्ण १४९६२ च्या आसपास आला असता. लांबी दशांशापर्यंत दिसते, त्यामुळे इथे गोल आकड्यामागे काही लपत नाही.

सगळं नीट करूनही पीईआरने आलेली लांबी विचित्र वाटली, तर झेड, म्हणजे उंचीचा आकडा, बघा. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावरून आलेल्या सर्व्हेत बिंदूंना लेव्हल, म्हणजे उंची, असतात, आणि वरून बघताना ते कळत नाही. हद्दीचं एक टोक दीड मीटर उंच असेल तर पीईआर त्या चढत्या रेषेला लंब शोधतो. प्लॅनमध्ये तो काटकोन दिसेलच असं नाही. रेषा निवडून कंट्रोल-१ ने प्रॉपर्टीज उघडा आणि सुरुवातीचा व शेवटचा झेड शून्य करा, पण फाइलची प्रत काढून त्यात. मूळ लेव्हल पुढे भरावाच्या हिशेबाला लागतात.

लाइनआउटचं, म्हणजे जमिनीवर आखणी करायचं, ड्रॉइंग साइटवर पाठवताना दोन्ही कर्णांची मापं त्यावर लिहून द्या. गवंड्याच्या गुण्याची (काटकोन तपासायच्या पट्टीची) बाजू हात-दीड हाताची असते. बारा मीटरच्या भिंतीचा काटकोन तो त्यावरून नाही, टेप कर्णावर ओढूनच जुळवतो. १५ मीटर हा आकडा त्याला कागदावर तयार मिळाला तर साइटवरून फोन येत नाही.